शालन बेंबळीत म्हातारी होते

बेंबळीच्या फाट्यावर शालनबाईंचा फ्लेक्स लावला होता आणि त्या फ्लेक्सवर शालनबाई तिशीतल्या होत्या. निळी इरकल, लाल पदर, कपाळावर चंद्रकोर, मान जराशी वळवलेली. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'तीच शालन! जत्रेनिमित्त पुन्हा एकदा!' तीच म्हणे. टेम्पोच्या खिडकीतून ते वाचणाऱ्या बाईंना चौसष्टावं लागलं होतं, गुडघ्याला रबरी पट्टा होता आणि वरचे दात रोज झोपताना स्टीलच्या डबीत जात होते.

"खाजाभाई, गाडी माघारी घ्या," त्या म्हणाल्या.

खाजाभाईंनी ब्रेक दाबला, फ्लेक्सकडं पाहिलं, आणि पुन्हा गिअर टाकला. नळदुर्गात त्यांचं ड्रेपरीचं दुकान. राजाचे मुकुट, पोलिसाच्या टोप्या, दाढीमिशा, पडदे, सगळं भाड्यानं मिळायचं, आणि रंगवायला स्वतः खाजाभाई. शालनबाईंच्या तोंडाला पहिल्यापासून त्यांचाच हात लागलेला. कुठली सुरकुती कुठल्या साली आली हे त्यांना बाईंपेक्षा जास्त ठाऊक होतं, पण ते कधी बोलून दाखवत नसत.

"या अल्ला, इथवर येऊन माघारी? लोकं काय म्हनतील?"

"काय म्हणतील तेच तर ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या. पण टेम्पो गावात शिरला, आणि खरं सांगायचं तर त्यांनी दुसऱ्यांदा काही माघारी घ्यायला सांगितलं नाही.

या भागात जत्रेतलं नाटक गावकरीच करतात. हार्डवेअरवाला नायक होतो, सोसायटीचा चेअरमन खलनायक, आणि दोन महिने रात्री शाळेत तालमी चालतात. बायकांची कामं मात्र बाहेरून येणाऱ्या नट्या करतात. नटी नाटकाच्या दिवशीच सकाळी उतरते, दुपारी एक तालीम घेते आणि संध्याकाळी उभी राहते. दहावीस नाटकं तिच्या डोक्यात पक्की असतात. कुणी चुकलं तर तीच सावरून घेते, आणि नायक भाषण विसरला तर पदराचं टोक चावत चावत त्याला पुढचा शब्दही पुरवते. शालन नळदुर्गकर या कामातली सगळ्यात नावाजलेली. खरं आडनाव कुणी विचारलं नाही, बाईंनीही कधी सांगितलं नाही. नवरा पेटी वाजवायचा. तो गेल्यावरही पाटीवर नाव तेवढंच राहिलं.

आणि गावांत गाव म्हणजे बेंबळी. बाविशीची शालन इथं पहिल्यांदा आली तेव्हा दुसऱ्या अंकानंतर माईकवर पुकारा झाला, "ज्ञानोबांच्या वतीनं शालनबाईंना साडीचोळी!" ज्ञानोबा म्हणजे गावातला मोठा बागायतदार. पहिल्या ओळीत हाताची घडी घालून बसायचा. कधी शिट्टी मारली नाही, कधी 'वन्स मोअर' ओरडला नाही. पुढच्या वर्षी शालन तीच साडी नेसून पहिल्या प्रवेशाला आली, आणि अख्खा मांडव उठून उभा राहिला. तेव्हापासून तो रिवाजच पडला. गेल्या जत्रेची साडी या जत्रेत दिसायची. पोरं आठ दिवस आधीपासून पैजा लावायची, यंदा रंग कुठला.

गावानं त्यावरून जे बोलायचं ते बोलून घेतलं. खरं म्हणाल तर त्या दोघांत दोनच शब्दांची ये-जा होती. "आलात?" "आले." एवढंच. शालनबाईंना ते पुरत होतं. कुणीतरी आपल्याकडं असं बघतं, हे माहीत असणं त्यांना आवडायचं, आणि त्याची त्यांना कधी लाजही वाटली नाही.

मग ईट गावच्या जत्रेत आईचं काम करणारी नटी आलीच नाही. पडदा उघडायला तासभर उरलेला. मंडळी हवालदिल. शालनबाई तेव्हा चाळिशीच्या उंबऱ्यावर होत्या, नायिकेचा शालू नेसून तयार. त्या म्हणाल्या, नायिकेचं काम ती दुसरी पोरगी करेल, आई मी होते. खाजाभाईंनी काजळीनं गालांत खड्डे पाडले, केसांना सफेदा फासला. नाटकात एक प्रवेश होता, पोरांनी घराबाहेर काढलेली आई भिकारीण होऊन थोरल्याच्या दारात येते, आणि तो तिला ओळखत नाही. शालनबाई उंबऱ्याशी बसल्या, भाकरीचा तुकडा हातात घेतला आणि नुसत्या बघत राहिल्या. बायकांच्या बाजूनं हुंदका आला. मग दुसरा. एवढ्या वर्षांत बायकांकडून काही ऐकू येण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. आजवर बायका त्यांच्याकडं डोळे बारीक करून बघत, नाहीतर नाटकालाच येत नसत.

त्या रात्री घरी आल्यावर शालनबाईंनी काजळी धुतली आणि आरशात खड्डे तसेच राहिलेले पाहिले. फार घाबरल्या त्या. पण गाडी त्या वळणावरून माघारी फिरली नाही. ईटनंतर दुसऱ्या गावानं आईच मागितली, मग तिसऱ्यानं. पुढं दात गेले तर त्यांनी त्याचाही उपयोग केला. प्रवेशाआधी कवळी काढून डबीत घालायची, डबी खाजाभाईंच्या हाती द्यायची आणि बोळक्या तोंडानं बाहेर पडायचं. अलीकडं कुणीतरी तो भाकरीचा प्रवेश मोबाईलवर काढून सोडला होता, आणि तो खुरपणाऱ्या बायांपासून सोलापूरच्या दवाखान्यातल्या नर्सांपर्यंत सगळीकडं फिरला. बसस्टँडवर अनोळखी बायका वाकून पाया पडत, "भाकरीची आई ना तुमी?" म्हणून हात हातात घेत. इतका मान त्यांना शालू नेसून कधी मिळाला नव्हता.

फक्त बेंबळीत त्या म्हातारी झाल्या नाहीत. तिथं नायिकाच. पन्नाशी उलटली तरी नायिकाच. मग एका जत्रेत, गाणं चालू असताना, मागून एका पोरानं आवाज टाकला, "आज्जी, दमानं!" मांडव खदखदून हसला. ज्ञानोबा हसला नाही. पण शालनबाईंनी त्यानंतर बेंबळीची सुपारी घेतली नाही. दुसरीकडं म्हातारीची कामं खुशाल करत. इथं त्या कारणं सांगत. कधी गुडघा, कधी घसा. बारा गावं म्हातारी म्हणोत, एका गावानं म्हणू नये, एवढीच त्यांची हाव होती.

यंदा ज्ञानोबाचा मुलगा शिवराज पेढे घेऊन नळदुर्गला आला. नाट्यमंडळाचा अध्यक्ष आता तोच. "मावशी, अण्णांना झटका आलाय. माणसं ओळखू येईनात. पण तुमचा जुना फोटू उशाला लागतोय. एकदा या. शेवटचं बघू द्या त्यांना." मावशी म्हणतो आणि तिशीतली बाई मागतो, हे त्या शहाण्याच्या लक्षातही आलं नाही. बाईंनी बजावलं, मी भाकरीच्या आईचंच काम करीन. शिवराज 'व्हय व्हय' म्हणाला आणि जाताना फ्लेक्सची ऑर्डर देऊन गेला.

आणि शालनबाई? त्यांनी निघायच्या आदल्या दिवशी केसांना कलप लावला.

शाळेच्या एका वर्गात रंगायची खोली केली होती. भिंतीवर फळाफुलांचे तक्ते, बाकं एका कडेला सारलेली. दुपारची तालीम बरी झाली. थोरल्या मुलाचं काम करणारा शरणप्पा हार्डवेअरवाला तालमीतसुद्धा रडायला लागला, तेव्हा बाईंनी त्याला दम भरला, "तू मला ओळखत नाहीस, लक्षात ठेव. रडायचं काम माझं."

ऊन कलायला लागलं तसा शिवराज पिशवी घेऊन आत आला. आता माईकची परवानगी दहापर्यंतच असते, म्हणून नाटक दिवेलागणीलाच सुरू व्हायचं होतं. त्यानं पिशवीतून साडी काढून बाकावर पसरली. निळी इरकल. लाल पदर.

"मावशी, नाटकाआधी फकस्त एक एन्ट्री. गाणं लावतो, तुमी ही नेसून यायचं, हात जोडायचे. पाच मिनिटं. मग व्हा की म्हातारी."

शालनबाईंनी साडीला हात लावला. फ्लेक्सवरचीच. पण त्यांची ती साडी वाईट दिवसांत केव्हाच हातची गेली होती. "ही कुठली?"

"आईच्या ट्रंकेत घावली. हुबेहूब तीच! नशीबच म्हना. न विचारताच उचलली, तिला काय करायचीय आता?" शिवराज खूश होऊन म्हणाला. "अण्णांना पुढच्या ओळीत बसवतोय. सगळा गाव येणार हाय. फ्लेक्स बघून धाराशिवहून बी माणसं निघालीत. आता न्हाय म्हणू नका."

तो गेला. खाजाभाईंनी रंगपेटी उघडली, बाईंच्या गळ्याभोवती फडकं बांधलं आणि विचारलं, "कोनता रंग लावू, बाई? गोरा का काळा?"

बाईंनी साडीचा पदर खांद्यावर टाकून आरशात पाहिलं. कलप लावलेले केस, निळा रंग. पिवळा दिवा, मधलं अंतर, खाजाभाईंचा हात, जमलं असतं. पाच मिनिटं तर जमलंच असतं. नाही म्हणावं तर मन पुढं धावत होतं. त्या हळूच म्हणाल्या, "गोरा."

गालांवर गुलाबी थर चढला. एक भुवई कोरून झाली. तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं.

शालनबाईंनी त्यांना आरशातच ओळखलं. फार वर्षांपूर्वी ही बाई अशीच या शाळेच्या दारात येऊन उभी राहिली होती. तेव्हा एक शब्द न बोलता पाहून गेली होती. ज्ञानोबाची बायको, द्वारकाबाई. तेव्हा ठसठशीत, भरल्या अंगाची होती. आता पाठ वाकलेली, हातांवर शिरा, पायांत पोराची जुनी चप्पल.

"माझी साडी द्या," द्वारकाबाई म्हणाल्या.

शालनबाईंच्या हातून पदर निसटला. "मला ठाऊक नव्हतं हो. शिवराज म्हणाला..."

"त्याला काय कळतंय?" द्वारकाबाई आत आल्या, बाकावर टेकल्या. खाजाभाई उठून निघाले, तर म्हणाल्या, "बसा, खाजाभाई. तुमच्याम्होरं झाकायचं काय ऱ्हायलंय?" मग शालनबाईंकडं वळल्या. "तुमाला वाटत असंल, साड्या ह्यांनी निवडल्या. गड्यामाणसाला साडीतलं काय कळतंय? दुकानात मला नेत. म्हनत, नटीला द्यायची हाय, बरी बघ. म्याच निवडायची. दरसाली."

ज्या रंगांवर शालनबाई इतकी वर्षं मिरवल्या, जे त्यांना वाटत होतं की त्या माणसानं आपल्याला डोळ्यांसमोर आणून निवडले, ते या बाईच्या बोटांनी निवडलेले होते.

"ही निळी लई आवडली," द्वारकाबाई पुढं म्हणाल्या. "त्या साली दोन घेतल्या. सारख्याच. म्हनलं, तिच्या अंगावर बघून डोळं निवले तर घरी आल्यावर माझ्याकडं बी बघतील. पुढच्या जत्रेला तुमी नेसून आलात. मांडव उठला. म्या घरी आले आन माझी ट्रंकेत घातली. घडी बी मोडली न्हाय."

"बाई, देवाशपथ सांगते, आमच्यात कधी काही..."

"म्हाईत हाय." द्वारकाबाईंनी हात वर केला. "काय असतं तर भांडले तरी असते. झिंज्या उपटल्या असत्या. कायबी नव्हतं, म्हनून तर भांडता आलं न्हाय." त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळंच शालनबाईंना तो जास्त लागत होता. "आता ते अंथरुणाला खिळलेत. म्या घास भरवते तर विचारतेत, बाई, तुमचं गाव कंचं? नर्सबाई म्हनतेत मला. तुमचा फोटू मातर वळखतेत. माझ्या घरात तुमी अजून तिशीतल्याच हाव. म्या एकलीच म्हातारी झाले."

बाहेर लाऊडस्पीकरवर 'हॅलो, हॅलो, चेक' चाललं होतं. शालनबाईंना वाटलं, आपण उठून हिचे पाय धरावेत, आणि त्याच वेळी रागही आला, की माझा काय गुन्हा? मी रंगले, नाचले, ते पोटासाठी. पण राग टिकला नाही. इतकी वर्षं ट्रंकेत घडी न मोडता राहिलेली साडी समोर बाकावर पसरली होती आणि घडीच्या रेषांवर तिचा रंग विटला होता.

"तुमचं ते भाकरीचं नातीच्या मोबाईलवर बघितलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "लई रडले. तवापसनं तुमचा राग करायचा सोडला. आज तीच व्हा. एवढंच मागायला आले. आन साडी द्या, आज मला नेसायची हाय."

"त्यांनी नाही ओळखलं तर? मला, नाहीतर तुम्हाला?"

द्वारकाबाई बाकावरून उठल्या. "मग न्हाय वळखलं. दोघींची हौस एकदाच फिटली."

शालनबाईंनी साडीची घडी घातली, जुन्या मोडीवरूनच, आणि दोन्ही हातांनी दिली. द्वारकाबाई गेल्यावर त्या आरशापुढं बसल्या. एक भुवई कोरलेली, एक नाही. "पुसा हे, खाजाभाई," त्या म्हणाल्या.

खाजाभाईंनी खोबरेल तेलाचा बोळा घेतला. गाल पुसताना एवढंच म्हणाले, "कलपावर सफेदा बसनार नाय लवकर. लई घासावा लागंल." आणि खरंच, काल हौसेनं काळे केलेले केस आज पांढरे करायला त्यांचा अर्धा डबा संपला.

शिवराज बोलवायला आला तो दारातच थबकला. फाटकं जुनेर, काजळीचे डोळे, हातात काठी. "हे काय? एन्ट्रीचं काय? साडी कुठाय?"

"जिची होती तिला दिली."

"मावशी, चेष्टा हाय का? बाहेर शिट्ट्या चालल्यात. पब्लिक खुर्च्या मोडंल! गावात तोंड दाखवायची सोय ऱ्हायची न्हाय." त्याच्या कपाळावरची शीर तटतटली. "पाया पडतो, पन पाच मिनिटं..."

"मला भाकरीच्या आईला बोलावलंस, मी तिला आणलंय. नको असेल तर टेम्पो दारात आहे." नको म्हणाला तर? आणि हो म्हणाला तर? बाईंना दोन्हीची भीती सारखीच होती.

शिवराजनं घड्याळात पाहिलं. दुसरी नटी कुठून आणणार, वेळही नव्हता. "होऊ द्या मग काय व्हायचं ते. माझ्यावर येऊ देऊ नका," म्हणाला आणि पाय आपटत गेला.

पहिला अंक शालनबाईंशिवायचा होता. तो लोकांनी कसाबसा सोसला. मधूनमधून 'शालन! शालन!' असा घोष व्हायचा. बाई विंगेत उभ्या राहून ऐकत होत्या. डबी खाजाभाईंच्या खिशात गेली होती. तोंड रिकामं होतं, जीभ हिरड्यांवरून फिरत होती. निवेदकानं आधी लिहून ठेवलेली चिठ्ठी न बदलता जशीच्या तशी वाचली, "जिची आपण इतकी वर्षं वाट पाहिली, तीच बेंबळीची लाडकी शालन...!" शिट्ट्यांनी पत्रे दणाणले. फटाक्यांची माळ लागली. पडदा सरकला.

शालनबाई काठी टेकत आल्या. एक पाऊल, थांबल्या, दुसरं.

शिट्ट्या एकेक करून विझल्या. मग कुजबुज. मग मागच्या बाजूनं आवाज आला, "आरं, ही कोन? शालनला आना!" दुसरा म्हणाला, "पैसं फुकट गेलं!" कुणीतरी खुर्ची आपटली, त्याच्या नादानं आणखी दहा आपटल्या. विंगेत शिवराज डोकं धरून उभा होता. उंबऱ्याच्या पलीकडं शरणप्पा भाषण विसरून शालनबाईंकडं बघत होता, आणि आज त्यांच्या तोंडात पदर चावायला दात नव्हते.

त्यांनी समोर पाहिलं. पहिल्या ओळीत चाकाची खुर्ची होती. तिच्यात एक सुकलेला माणूस, गुडघ्यांवर घोंगडी, एक हात मांडीवर निपचित. ज्ञानोबाच तो. शेजारी द्वारकाबाई बसल्या होत्या, निळी इरकल नेसून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, ताठ.

ज्ञानोबा म्हातारीकडं बघत होता. कपाळाला आठी घालून, कंटाळून. मग तो मोठ्यांदा बोलला. बहिरी माणसं बोलतात तसा, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा.

"ही म्हातारी कोन? शालन कवा यायची?"

मांडव फुटला. त्या दिवशी 'आज्जी' म्हटल्यावरही हसला नव्हता एवढा हसला. शालनबाईंना वाटलं, आता पाय वळवावेत आणि सरळ टेम्पोत जाऊन बसावं. इतकी वर्षं ज्याच्या डोळ्यांत आपण राहिलो त्यानंच विचारावं, ही कोण? त्या हलल्या नाहीत. हलता आलं नाही, असंही म्हणता येईल.

आईचं पहिलं वाक्य थोरल्या मुलाला उद्देशून होतं. त्या शरणप्पाकडं वळल्याच नाहीत. काठी टेकत टेकत रंगमंचाच्या कडेपर्यंत आल्या, खाली बसल्या, आणि पहिल्या ओळीकडं बघून ते वाक्य बोलल्या. बोळक्या तोंडातून शब्द हवेसारखे निघाले.

"वळखलं न्हाईस व्हय रं मला? म्हातारी झाले, म्हनून?"

बायकांच्या बाजूचं हसू आधी थांबलं. मग पुरुषांचं. मागची एक खुर्ची उगाच कुरकुरली, तेवढाच आवाज.

ज्ञानोबा पुढं झुकला. त्याचे ओठ हलत होते. त्यानं शालनबाईंचं तोंड पाहिलं, पांढरे केस पाहिले, पुन्हा तोंड पाहिलं. डोळे बारीक झाले. "शालन?" तो म्हणाला. आता मोठ्यांदा नाही. "तू... म्हातारी?"

शालनबाईंनी होय म्हणून मान हलवली. नाटकात ती मान हलवणं नव्हतं.

त्याची नजर तिथून सुटली आणि सैरभैर फिरू लागली, काहीतरी हरवल्यासारखी. मांडवाचे खांब, दिवे, माणसं. मग ती निळ्या साडीवर येऊन अडकली. निळी इरकल, लाल पदर, उशाच्या फोटोतली. शालनबाईंना वाटलं, आता हा हिला शालन म्हणणार. नाहीतर नर्सबाई. द्वारकाबाईंनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

ज्ञानोबानं चालता हात उचलला. लाल पदर मुठीत धरून डोळ्यांजवळ नेला, बोटांनी चोळला. मग पदराच्या वाटेनं वर वर बघत गेला, हातांवरच्या शिरांपर्यंत, गळ्यापर्यंत, मिटलेल्या डोळ्यांपर्यंत. बराच वेळ बघत राहिला.

"द्वारके," तो म्हणाला. "तू कवा गं म्हातारी झालीस?"

द्वारकाबाईंनी डोळे उघडले. सगळा मांडव वाट बघत होता, पण त्या मांडवाशी बोलल्या नाहीत. पदर त्याच्या मुठीतच राहू दिला.

"तुमी तिकडं बघत हुता तवा," त्या म्हणाल्या.

विंगेतून प्रॉम्प्टर पुढचं वाक्य सांगत होता, "भाकर... बाई, भाकर..." शालनबाईंना ते पाठ होतं. पण त्या कडेला तशाच बसून राहिल्या. बेंबळीच्या मांडवात आज पहिल्यांदाच शालनकडं कुणी बघत नव्हतं, आणि त्यांना काही घाई नव्हती.